चकती निसटेल एवढी जागा

बोरचा आकडा वाढला की बंदुकीची नळी बारीक होते, हे अनंतरावांना लग्नाला तीस वर्षं झाल्यावर कळलं. आणि तेही बायकोच्या खांद्याचं ऑपरेशन झालं म्हणून.

विशाखाबाई नांदेडला कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या आणि रविवारी लातूरजवळच्या रेंजवर स्कीट खेळायच्या. दोन बाजूंच्या खोल्यांतून बशीएवढ्या चकत्या सुसाट उडतात, त्या हवेतच फोडायच्या, असा तो खेळ. डॉक्टरांनी जुन्या बारा बोर बंदुकीचा खांद्याला बसणारा धक्का कायमचा बंद केला. मग त्यांनी हलकी अठ्ठावीस बोर घेतली आणि अट स्वतःच घातली : पहिल्या फेरीत पंचवीसपैकी वीस फुटल्या नाहीत, तर बंदूक विकून मोकळं व्हायचं. बाईंनी शब्द फिरवलेला अनंतरावांनी कधी पाहिला नव्हता.

काडतुसांच्या दुकानात बजरंगनं दोन खोकी पुढं ठेवली. दोन्हींत मोहरीएवढे बारीक, नऊ नंबरचे छर्रे. पण एकात छर्ऱ्यांचा भार जास्त, दुसऱ्यात कमी.

"म्याडम, हे जड भाराचं न्या. लई दमदार हाय. नळी बारीक, मंग आत माल तरी भरपूर नको का?"

"मला पण तेच वाटतं," अनंतराव म्हणाले.

"तुम्हाला दोघांना वाटून काय उपयोग? दोन्ही द्या. कागदाला विचारते."

रेंजवर पोचल्याबरोबर बाईंनी फळीवर कॉलेजातून आणलेले चार्टपेपर लावले. वीस पावलांवरून प्रत्येक जातीची पाच काडतुसं झाडली, दर वेळी नवा कागद. मग जमिनीवर मांडी घालून एक कोरी चकती छर्ऱ्यांच्या भोकांमधून सरकवत बसल्या. जिथं चकतीखाली एकही भोक येईना, तिथं पेन्सिलीनं गोल काढायचा. उन्हात पाऊण तास हेच चाललं.

रेंज सांभाळणारे शिवमूर्ती कंटाळून म्हणाले, "म्याडम, चकती फोडायची असते. तुम्ही तर रांगोळी काढून राहिल्या."

"हे गोल बघा, शिवमूर्ती. चकती इथून निसटणार. नेम बरोबर असूनसुद्धा."

जड भाराच्या कागदांवर मधोमध भोकांचा नुसता बुजबुजाट होता आणि कडेला गोलच गोल. हलक्याच्या कागदांवर भोकं कमी, पण सगळीकडं सारखी पसरलेली. गोल कुठं तीन, कुठं चार.

अनंतराव वाकून पाहतच राहिले. भोकर गावच्या सप्ताहात त्यांनी जन्मभर कीर्तनं ऐकली होती. काही बुवा सगळा आवाज पहिल्या रांगेवरच ओततात. मागच्या बाया नुसत्या माना डोलावतात. आणि एखादा बुवा असा सावकाश गातो, की मंडपाच्या शेवटच्या खांबाला टेकलेल्यालासुद्धा अक्षर अन् अक्षर मिळतं. ते मनाशीच म्हणाले, पांडुरंगा, ही बाई कागदावर तेच शोधून राहिली.

बाईंनी हलकं खोकं उचललं.

आठ जागांवर फिरत पंचवीस चकत्या, अशी फेरी सुरू झाली. पहिलीच चकती न फुटता गेली. चौथ्या जागेपर्यंत चार गेल्या. शिवमूर्ती च्च् च्च् करू लागले. अनंतरावांना राहवेना. जड खोकं घेऊन ते रेषेपर्यंत धावले.

"अगं, हे घे! अजून वेळ गेली नाही."

"अहो, काडतूस बरोबर आहे. बंदूक हलकी आहे आणि मी अजून जुन्या जड बंदुकीसारखा जोर लावते. नळी चकतीच्या फार पुढं पळते." बाईंनी कपाळ पुसलं. "चूक हाताची, तर हात बदलू द्या. तुम्ही मागं जा बरं."

ते मागं गेले. खोकं छातीशीच राहिलं.

यानंतर बाईंचा हात सावकाश झाला. पाचव्या जागेवर दोन्ही फुटल्या. सहाव्या जागेवर एक निसटली. आता एक जरी चुकली तरी संपलं. सातव्या जागेवरच्या चारही धुरळा होऊन पडल्या. शेवटची जागा आठवी. तिथं चकती समोरून डोक्यावरच येते. डोळ्याचं पातं लवायच्या आत बंदूक उचलायची. पहिली फुटली. अनंतरावांनी डोळे मिटले. नामस्मरण चाललं होतं की नुसतेच ओठ हलत होते, त्यांचं त्यांनाच माहीत.

फट्.

काळे तुकडे बाईंच्या टोपीवर टपटप पडले.

"वीस!" शिवमूर्ती ओरडले. "बरोब्बर वीस! म्याडम, मानलं तुम्हाला!"

अनंतराव पळत गेले. डोळ्यांत पाणी. "चल, अहमदपूरला चहा घेऊ, पेढे घेऊ—"

बाई बंदूक सांध्यातून उघडून रिकामं टरफल काढत होत्या. "पाच चुकल्या. तीन का चुकल्या ते कळलं, दोन का ते नाही." त्यांनी खिशात हात घालून नवी काडतुसं चाचपली. "शिवमूर्ती, पुन्हा पहिल्या जागेपासून सोडा हो."