वन्समोअर देताना

मी एक जुना ऑर्गन हाय, मित्रांनो. पायपेटी म्हणा, तरी चालंल. खाली दोन पावड्या, त्या पायानं दाबायच्या. आत भाता फुगतो, वर पट्टी दाबली की सूर निघतो. माझं काम एवढंच हुतं. आता त्येबी न्हाय.

मला घडवला शाहूपुरीतल्या एका सुतारानं. सागवानी लाकूड, आत सूर देणाऱ्या पितळी जिभल्या परदेशातनं आलेल्या. शेवटचा हात फिरवून त्यो म्हणाला, "ह्यो माझ्यापेक्षा जास्त जगंल." जगलो. त्येच्यात माझं काय कौतुक न्हाय.

कोल्हापुरातल्या एका संगीत नाटक कंपनीनं मला घेतला. रंगमंचाच्या फुडं खड्डा असतो, त्यात मला बसवायचे. वाजवायला नागाप्पा, गडहिंग्लजचा. वर गायला त्येची थोरली बहीण शिवगंगा. त्यो तिला अक्का म्हणायचा, ती त्येला तम्मा. घरात दोघं कानडी बोलायचे, आणि नाटकात ती मराठी राणी. एस्टीच्या टपावर ताडपत्रीत गुंडाळून मी चंदगडपतूर गेलतो. तिथल्या पावसानं माझं लाकूड फुगलं, पट्ट्या चिकटल्या. नागाप्पानं मला चुलीजवळ ठेवून वाळवला, आजारी म्हशीला करावं तसं.

आता नाटकाचं सांगतो. राणीचा पोरगा लढाईत मरतो. राणी त्येचं डोकं मांडीवर घेऊन गाती. गाणं संपलं की सगळं थेटर "वन्समोअर!" म्हणून बोंबलायचं. म्हणजे तेच गाणं परत म्हण. संगीत नाटकाची ही रीत हाय, नटीनं न्हाय म्हणायचं नसतं. मग शिवगंगा पोराचं डोकं खाली ठेवायची, फुडं यायची, हात जोडायची आणि परत गायची. मेलेला पोरगा म्हणजे आमचा सयाजी. तेवढ्या येळात त्यो एखादा डास मारून घ्यायचा.

पहिल्या रांगेत दोन माणसं ठरलेली. एक आप्पासो, गुळाचा व्यापारी. दुसरी बायडाबाई, मंडईत भाजी इकायची. मध्यंतर झालं की दोघं माझ्या खड्ड्याच्या कठड्याला टेकून भांडायची.

"ही काय नटी म्हणायची?" आप्पासो म्हणायचा. "पोराचं मढं खाली आपटून गाणं म्हणाय येती! आमच्या वखारीत गुळाची ढेप बी कोण अशी आपटत न्हाय."

"गप बसा शेट. मढं बघाय तिकीट काढलंसा व्हय? मी गाणं ऐकाय आलोय."

"आणि त्यो ळ ऐकलास? बाळ म्हणताना पार कर्नाटकात जाऊन येती."

"तुमाला एवढं चांगलं येतंय तर तुमीच नेसा की शालू आणि ऱ्हावा हुबं!"

आसपासची माणसं हसायची. बरोबर कोण, ते मला इचारू नका. मी सूर द्यायचो, तेवढंच.

अठ्ठ्याण्णव साल असंल. नाटकाची तालीम संपून माणसं घरी गेलती, आणि शिवगंगा माझ्यावर कोपर टेकून भावाला म्हणाली, "तम्मा, डॉक्टरनं सांगितलंय. गळ्यात गाठी झाल्यात. ह्ये गाणं एकदा झेपंल. दुसऱ्यांदा ताणलं तर आवाज जाईल."

"मग सांगूया की लोकांस्नी."

"खुळा हायस व्हय? गळा गेलेली नटी म्हणून कळलं, तर उद्या कोण हुबं करतंय मला? मला दुसरं काय येतंय तरी काय?"

नागाप्पानं माझ्या दोन पट्ट्या चाचपल्या. मग म्हणाला, "गाणं संपलं रं संपलं की मी लढाईचं वाजवतो. वन्समोअरला फटच ठेवत न्हाय."

तसंच सुरू झालं. गाणं संपायचं, लोक तोंड उघडायचे, आणि माझ्यातनं धाडधाड लढाई निघायची. शिवगंगा मांडीवरचं डोकं हलवायची न्हाय.

गंमत अशी की कठड्यावरची भांडणं उलटी झाली.

"आता झाली बघ खरी नटी!" आप्पासो म्हणाला. "सगळं थेटर वराडतंय, पण बाई पोराला सोडत न्हाय. ह्येला म्हणायचं काम!"

"काम न्हवं, माज," बायडाबाई म्हणाली. "मोठी झाली न्हवं आता. आमी भाजीवाल्या वराडून मेलो तरी तिला काय!"

पडद्यामागं शिवगंगाला सगळं ऐकू जायचं. ती भिंतीकडं तोंड करून गरम पाणी प्यायची. नागाप्पा मान खाली घालून माझ्या पट्ट्या पुसायचा. गाठींचं दोघंबी कुणाला सांगायचे न्हाईत. मी तर काय, लाकूड.

अशी दोन-तीन वर्सं निघाली. मग त्यो परयोग आला. गाणं झालं, नागाप्पानं लढाई सुरू केली, लोक वराडले, आणि गप बसले. बायडाबाई बसली न्हाय. ती उठून कठड्यापाशी आली. तिचा आवाज मंडईतला, माझ्या वरनं गेला.

"शिवगंगे, माझी लेक गेली गं ह्या म्हैन्यात. तवापास्नं डोळ्याला पाणी न्हाय माझ्या. आत्ता तुझ्या गाण्यानं वाईच आलं हुतं, तेवढ्यात संपलं. एकदा म्हण की परत. माझ्यासाठनं म्हण."

नागाप्पानं लढाई थांबवली. शिवगंगानं नागाप्पाकडं बघितलं. त्येनं मान हलवली, नगं म्हणून. तिनं सयाजीचं डोकं अल्लाद खाली ठेवलं, फुडं आली, हात जोडले.

"तम्मा, सूर दे," ती म्हणाली.

त्येनं दिला. म्हणजे मी दिला.

पहिली ओळ आली. चांगली आली. दुसऱ्या ओळीला वर जायाचं हुतं, तिथं नुसता वारा आला. तोंड उघडं, ओठ हलत्यात, आवाज न्हाय. नागाप्पानं ती ओळ माझ्यावर वाजवली, मग फुडली, मग सगळं गाणं. ती ओठ हलवत हुबी ऱ्हायली.

टाळ्या पडल्या, मित्रांनो. अशा टाळ्या मी कवा ऐकल्या न्हवत्या.

"काय काम केलं!" आप्पासो डोळे पुसत वराडला. "दुःखानं राणीचा आवाजच फुटंना! असलं काम आख्ख्या जिल्ह्यात न्हाय!"

बायडाबाई टाळी वाजवंना. ती कठडा धरून खाली बसली. मंडईत रोज वराडून वराडून तिचाबी गळा कितींदा बसलता. तिला कळलं.

"शेट, गप बसा," ती म्हणाली. "ते काम न्हवतं."

शिवगंगा परत कवा गायली न्हाय. कंपनी बी मोडली. मला काय वाटलं म्हणशीला, तर काय न्हाय वाटलं. मला गोदामात ठेवलं, अंगावर मोडक्या खुर्च्या रचल्या. उंदरांनी भाता कुरतडला, तवाबी काय वाटलं न्हाय.

लई वर्सांनी सामान इकायला काढलं, तवा शिवगंगा आणि नागाप्पा बघाय आले. केस पांढरे झालते तिचे. तिनं खुर्च्या बाजूला केल्या, माझ्या फुडं बसली, पावडी दाबली, एक पट्टी दाबली. माझ्यातनं नुसता वारा आला.

तिनं वाकून कुजबुज केली. तेवढाच आवाज ऱ्हायलाय तिच्याकडं.

"तुझा बी गेला व्हय रं?"

मग तिनं पदरानं माझ्या पट्ट्या पुसल्या. घाई न करता, सगळ्या. नागाप्पा दारात पाठ करून हुबा हुता.

मित्रांनो, घरात एखादी पेटी असंल तर तिच्यावर खुर्च्या रचू नका. अधनंमधनं भाता हलवा, वारा खेळता ऱ्हाऊ द्या. आणि थेटरात गेलासा तर वन्समोअर जरूर द्या, टाळ्या बी द्या. फक्त वराडायच्या आधी गाणाऱ्याच्या गळ्याकडं वाईच बघा. नंतर त्यो माज हुता का काम हुतं, ह्येच्यावर निवांत भांडा. भांडणाला माझी हरकत न्हाय. त्या कठड्यावरची भांडणं ऐकू येत न्हाईत आता, तेवढं मातर जाणवतं.