मास्तरांची झोप

परतीच्या विमानाला दोन दिवस उरले, तेव्हा माझ्या हातात पाच बसप्रवास शिल्लक होते. त्यांतल्या एका तरी प्रवासात मला नवऱ्याला झोपवायचं होतं. बाकी परदेशाकडून मला आता काही नको होतं.

आमचे हे एकतीस वर्षं बस चालवतात. नव्या ड्रायव्हरांना तेच शिकवतात, म्हणून डेपोत सगळे त्यांना मास्तर म्हणतात, आणि चिडले की मीही म्हणते. पुढच्या महिन्यात ते निवृत्त व्हायचे होते. पण साहेबांनी पत्र दिलं, 'आणखी दोन वर्षं राहा, सोमवारपर्यंत कळवा.' ते पत्र त्यांनी पासपोर्टला चिकटवून परदेशात आणलं होतं. ती दोन वर्षं मला हवी होती. लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून मुलीनं ही बारा दिवसांची सहल घडवली आणि माझ्या पायाला भिंगरी लागली. नकाशा उघडला की मला तहानभूक आठवत नव्हती. अजून कितीतरी बघायचं होतं, आणि शेजारी हे हवे होते.

तिसऱ्याच दिवशी मी विषय काढला. "पुरे झालं आता. सोडा नोकरी. आपण हिंडू."

"सोडीन की," हे म्हणाले. "दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत ज्या दिवशी मला झोप लागेल, त्या दिवशी समज, माझं झालं. त्याच दिवशी साहेबांच्या पत्रावर 'नको' लिहून सही करतो."

म्हणजे कधीच नाही. या माणसाला बसमध्ये डुलकी लागलेली मी पाहिलेली नाही. प्रवासी म्हणून बसले तरी उजवा पाय पुढे काढून बसतात आणि वळण आलं की जमीन दाबतात. वर दोन टोल्यांचं वेड. आमच्याकडे सगळे चढले की कंडक्टर दांडीवर दोन टोले मारतो, मग ड्रायव्हर गाडी हलवतो. इकडे कंडक्टर नाही. म्हणून दारं मिटली की हे अंगठीनं समोरच्या दांडीवर टक टक करायचे. लोक वळून बघायचे. मी खिडकीबाहेर बघत राहायचे, जणू हे गृहस्थ माझे कोणी लागतच नाहीत.

पण मीही पदर खोचला. पहिला प्रवास डोंगरावरच्या मनोऱ्याचा. चारशे बारा पायऱ्या. खाली उतरल्यावर म्हटलं, "अगंबाई, माझी शाल वरच राहिली." मुद्दाम ठेवली होती. बिचारे पुन्हा चढले, पुन्हा उतरले, शाल माझ्या हातात दिली आणि टवटवीत चेहऱ्यानं म्हणाले, "काय हवा आहे वर." परतीच्या बसमध्ये झोप लागली ती मला. जाग आली तेव्हा डोक्याखाली त्यांचा स्वेटर होता आणि त्यांचे डोळे रस्त्यावर होते. "उतारावर किती उशिरा ब्रेक लावतोय," ते म्हणाले. "पट्ट्या जळायच्या."

तो दुसराही प्रवास वाया गेला. तिसऱ्याच्या आधी मी त्यांना आडवा हात मारायला लावला. माझ्या ताटातलंही त्यांच्या ताटात सरकवलं. बसमध्ये त्यांनी पट्टा एक भोक सैल केला, एक जांभई दिली, दुसरी दिली. हनुवटी छातीवर आली. माझं काळीज असं धडधडायला लागलं, की त्याच्या आवाजानंच हे उठतील असं वाटलं. तेवढ्यात ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला. यांचा पाय खाली गेला आणि डोळे उघडले. हातातोंडाशी आलेला घास गेला. त्या ड्रायव्हरला मी मनातल्या मनात काय काय म्हटलं, ते इथे लिहीत नाही.

शेवटच्या संध्याकाळी मी दुमजली बसची तिकिटं काढली. वरचा मजला, अगदी पुढची काच. वर ना स्टिअरिंग, ना आरसा, म्हटलं इथे तरी जिवाला स्वस्थता मिळेल. पण चढल्या चढल्या मीच सगळं विसरले. झाडांचे शेंडे काचेला घासत होते, लोकांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोल्या दिसत होत्या. एका खोलीत एक बाई कपड्यांना इस्त्री करत होती, तिला मी हात केला, तर तिनंही केला. मी लहान पोरीसारखी हसत होते.

"मजा येते आहे ना?" हे म्हणाले.

"तीस वर्षांत पहिल्यांदा या सहलीत आपण बसमध्ये शेजारी बसतोय," मी म्हटलं. "तुमच्या गाडीत मला नेहमी तुमची मान दिसायची. या मानेवरचा प्रत्येक केस पिकताना मी पाहिलाय."

त्यांनी मानेवरून हात फिरवला. मग म्हणाले, "मला नाटक करता येत नाही गं. झोप यावी असं मलाही वाटतं. पण डोळे मिटले की वाटतं, मी पाय काढला, आता गाडी कोणाच्या भरवशावर?"

मी त्यांचा हात धरला. मला वाईट वाटलं, आणि तरी त्या काचेपुढे बसून आनंदही इतका झाला होता की तो लपत नव्हता.

पाचवा प्रवास विमानतळाचा. तो धरून माझे पाचही संपले. आणि विमानात काय व्हावं? पट्टा लावला आणि हे कुंभकर्णासारखे घोरायला लागले. सलग सहा तास. उतरताना मी जाब विचारला.

"ही कुठे गाडी आहे?" ते म्हणाले. "वर रस्ता तरी आहे का?"

आता आपल्या गावची तीन तासांची बस तेवढी उरली, आणि झोप भरपूर झालेला नवरा. मी आशा सोडली. खरं सांगायचं तर मला दुसरीच घाई लागली होती. घरी बहीण किल्ली घेऊन थांबलेली. तिला मनोरा सांगायचा होता, इस्त्रीवाली सांगायची होती, तिच्यासाठी आणलेली छत्री उघडून दाखवायची होती. घर दिसेपर्यंत मला दम निघत नव्हता.

बसच्या दारात पाऊल ठेवलं तर ड्रायव्हरच्या सीटवर मास्तरांचीच विद्यार्थिनी. गेल्या वर्षी यांच्या हाताखाली शिकली होती.

"या मास्तर. काकू, कसा काय परदेश?"

"परदेश बरा होता, तुझे मास्तर नव्हते," मी म्हटलं.

आम्ही पहिल्या बाकावर बसलो. मी खिडकीशी, हे माझ्या उजवीकडे, पाय पुढे काढून तयार. तासाभरानं घाट लागला. आमच्या घरात एक वाक्य मी भांडी घासतानाही ऐकलेलं आहे, 'वळणात ब्रेक लावतो तो घाबरलेला, वळणाआधी लावतो तो ड्रायव्हर.' पहिलं वळण दिसलं. यांचा पाय दाबला गेला आणि त्याच क्षणी गाडीचा वेग उतरला. दोघांनी एकदमच ब्रेक लावल्यासारखं झालं. यांनी आधी आपल्या पायाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

दुसऱ्या वळणाला तिनं यांच्याही आधी वेग उतरवला. गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी वळली. जरा वेळानं मास्तरांनी पाय हळूच बाकाखाली ओढून घेतला.

तिसरं वळण. चौथं. आणि माझ्या उजव्या खांद्यावर वजन आलं.

आधी मला खरंच वाटेना. मग कानाशी ते ओळखीचं घोरणं सुरू झालं. देव पावला. कोणाला तरी ओरडून सांगावंसं वाटत होतं आणि हलायचीही सोय नव्हती. खांद्याला मुंग्या आल्या, मान आखडली, पण मी दगडासारखी बसून राहिले. पुढच्या वळणाला पाहते तर माझाच पाय जमीन दाबतोय. कोणीतरी जागं राहायला हवंच होतं.

आमचा थांबा आला. गाडी उभी राहिली. खिडकीतून घर दिसलं, फाटक दिसलं, फाटकाशी किल्ली नाचवत उभी असलेली बहीण दिसली. उडी मारून खाली जावं असं झालं मला. ड्रायव्हर मुलीनं आरशात पाहिलं, तोंड उघडलं, आणि मास्तरांना पाहून तसंच मिटलं. बसच्या आरशात तिचे भरून आलेले डोळे मला दिसले.

पुढचा थांबा शेवटचा, डेपोचा. मी डाव्या हातातली अंगठी पुढे केली आणि दांडीवर मारली. टक टक.

गाडी हलली. बहीण तोंडाचा आ करून रस्त्यावरच उभी राहिली. आणि ज्या दोन टोल्यांवर हा माणूस एकतीस वर्षं गाडी हलवत आला, त्या टोल्यांनी त्याची पापणीही लवली नाही.

सहीला पेन लागेल म्हणून मी पर्समध्ये हात घातला. तोही डावाच, कारण उजव्या खांद्यावर मास्तर होते.