पोटातला टेपरेकॉर्डर

त्या एका हिवाळ्यात ग्लेनिसला तिसऱ्यांदा सातवा महिना लागला, आणि लग्नाचा तर अजून पत्ताच नव्हता. पोटावर आईची जुनी उशी, उशीचा कापूस उपसून आत बसवलेला टेपरेकॉर्डर, तिथून छातीवरून वर गेलेली वायर आणि कोटाच्या कॉलरमध्ये लपवलेला माइक. रॉक बँडच्या कार्यक्रमात कोणी चोरून गाणी टेप करू नयेत म्हणून हॉलच्या दारावरचे दांडगट आत येणाऱ्या पोरांचे खिसे उलटे करायचे, बूट काढायला लावायचे. पण पोटुशीच्या अंगाला हात लावायची त्यांची छाती नव्हती. चोरून भरलेल्या अशा टेपा बर्मिंगहॅमभर हातोहात फिरत, आणि त्यातल्या सगळ्यात स्वच्छ टेपा क्रॅडली हीथच्या रॉय बेडोच्या असत.

रॉय हा ग्लेनिसचा होणारा नवरा. दिवसभर लोखंडावर घण घालणारा माणूस, पण टेपेच्या बाबतीत पुजाऱ्यासारखा सोवळा. यंत्र चालू झालं की तोंड बंद, हा त्याचा नियम. टाळी नाही, शिट्टी नाही, खोकला आला तर गिळायचा. हजार पोरं बेभान किंचाळत असायची आणि ही दोघं प्रेताजवळ असल्यासारखी उभी. असल्या नियमाला माझा कोपरापासून नमस्कार.

यावेळची टेप मात्र फिरवायची नव्हती. ती ग्लेनिसच्या भावासाठी, कॉलिनसाठी होती. कॉलिन 'आयर्न पॅरिश'मध्ये ड्रम वाजवायचा. बँडचा मॅनेजर लोमॅक्स त्याला तोंडावर म्हणाला होता, "तुझा ताल सुटतोय. शनिवारचा कार्यक्रम झाला की दुसरा माणूस येतोय." बाकीचे तिघं आपापल्या बुटांकडे बघत बसले.

कॉलिननं ते मनाला लावून घेतलं. "तो खोटं बोलत असेल तर मी भांडेन," तो बहिणीला म्हणाला. "पण खरंच सुटत असेल तर? वाजवताना मला कळत नाही गं. खरं असेल तर ड्रम विकतो आणि परत लोखंडावर घण घालायला जातो. मला एकदा माझ्या कानांनी ऐकायचंय."

"ऐकवते," ग्लेनिस म्हणाली. "जीव गेला तरी ऐकवते." माणसं असं बोलतात तेव्हा जीव कोणाचा, हे कोणी सांगत नाही.

शनिवारी वुल्व्हरहॅम्प्टनच्या हॉलमध्ये सुरुवातीपासूनच राडा होता. दुसऱ्या गाण्याला एकाचं कपाळ बिअरच्या बाटलीनं फुटलं. तिसऱ्याला दोन पोरं एकमेकांचे केस धरून फरशीवर लोळत होती आणि भोवतालचे त्यांना लाथांनी ताल देत होते. गिटारचा आवाज दाढांमधून कवटीत शिरत होता. रॉयनं हेरून ठेवलेली जागा बाजूला होती, फळ्यांच्या पोकळ भिंतीशी. ग्लेनिस भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि रॉय शेजारी.

बाकीचे तिघं स्टेजवरून उतरले आणि कॉलिनचं एकट्याचं वाजवणं सुरू झालं. याच्याचसाठी तर सगळा खटाटोप होता. ग्लेनिसनं श्वाससुद्धा बेतानं घ्यायला सुरुवात केली.

नेमके तेव्हाच लोमॅक्सचे तिघं दांडगट गर्दी फाडत आले. पुढे सिड होता, दरवाजाएवढा रुंद. रॉयचं तोंड त्यांना ठाऊक होतं. टेपा भरणारा म्हणून तो आधीही एकदा पकडला गेला होता. त्यांनी त्याचा कोट ओरबाडला, शर्ट फाडला, खिसे झाडले. काही सापडलं नाही. सापडलं नाही याचाच सिडला जास्त राग आला. त्यानं रॉयचा गळा धरून त्याला भिंतीवर आपटलं.

मग त्यांनी त्याला बुकलून काढला. दोघांनी दंड धरले आणि सिड मारत राहिला, शिस्तीत, पगारी कामासारखा. एकेक ठोसा बसला की रॉय मागच्या फळ्यांवर आदळायचा आणि सगळी भिंत ग्लेनिसच्या पाठीत हादरायची. त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली. एक दात तिच्या बुटाशी येऊन पडला. रॉयनं हूं की चूं केलं नाही. फुटलेल्या तोंडानं, एका डोळ्यानं तो तिच्याकडे बघत होता, आणि त्या डोळ्यात एकच गोष्ट होती: गप्प.

सिडचं लक्ष तिच्याकडे गेलं. ड्रमच्या दणदणाटात बोलणं शक्यच नव्हतं. त्यानं तिच्या पोटाकडे पाहिलं, ओशाळल्यासारखं होऊन टोपी काढली आणि रॉयकडे बोट करून भुवयांनीच विचारलं: हा तुझा कोणी?

ओरडली असती तर तो थांबला असता. पण मग तिला सावरायला त्याचे हात पोटाशी आले असते, यंत्र गेलं असतं आणि कॉलिनही गेला असता. ग्लेनिसनं मान हलवली. नाही.

सिडनं टोपी घातली, तिला लागू नये म्हणून मध्ये उभा राहिला आणि उरलेलं काम पुरं केलं. मग रॉयला फरफटत नेऊन मागच्या दारानं बाहेर फेकला. ग्लेनिस कॉलिनची शेवटची झांज वाजेपर्यंत हलली नाही. त्यानंतर मात्र पोटाखाली हात धरून पळत सुटली.

रॉय बोळात रिकाम्या पिंपांमध्ये पडला होता. ती वाकली तेव्हा त्यानं पहिलं काय विचारावं? "आलं का सगळं?" आणि दुसरं, "कॉलिनला यातलं सांगू नकोस. नाहीतर तो ड्रम ऐकायचा सोडून मलाच ऐकत बसेल."

पुढच्या रविवारी दुपारी तिघं तिच्या आईच्या स्वयंपाकघरात बसली. आई चर्चला गेली होती. रॉय फासळ्यांना पट्टे बांधून, खुर्चीवर तिरका. रस्त्यात मारामारी झाली, एवढंच कॉलिनला सांगितलं होतं. मटार आणि मांसाचे गोळे ताटात निवत होते आणि टेप चालू होती.

कॉलिन आधी हसत होता, बोटांनी टेबलावर ठेका धरत होता. मग त्याची बोटं थांबली. टेप मागे नेली, पुन्हा ऐकलं.

"हा बघ. धप्प! मध्येच. आणि हा तर समेच्या कुठल्या कुठे." त्याचा चेहरा राखेसारखा झाला. "माझाच पाय, मोठ्या ड्रमच्या पेडलवरचा. मारल्याचं मला आठवतसुद्धा नाही. मेला लोमॅक्स खरं बोलत होता गं." त्यानं ताट सरकवलं. "संपलं. उद्या ड्रमला गिऱ्हाईक बघतो."

ग्लेनिसनं टेप थांबवली. "तो तू नाहीस," ती म्हणाली. "तो रॉय आहे. सिड त्याला भिंतीवर आपटत होता. माझ्या शेजारी."

"दिलासा देऊ नकोस, बये."

"लाव परत," रॉय म्हणाला. त्यानं डोळे मिटले. टेप सुरू झाली.

"आता पाठ," रॉय म्हणाला. धप्प.

"आता फासळी." धप्प.

"इथं तो दम खातोय. थांब. आता पोटात दोन." धप्प, धप्प.

"आता डोकं."

त्याचा एकही अंदाज चुकला नाही. कॉलिन हळूहळू पुढे सरकला, कान टेपरेकॉर्डरला टेकेपर्यंत. त्या धपक्यांच्या खालून त्याचा ताल वाहत होता, एकसारखा, कुठेही न अडखळता.

"सरळ आहे," तो पुटपुटला. मग उडी मारून उभा राहिला. "रॉय, सरळ आहे रे! मी कुठेच चुकलो नाही!" त्यानं टेबलावर मूठ आपटली. रॉयही फासळ्या धरून हसू लागला.

"पण ओरडला का नाहीस रे गाढवा?"

"तुझं चालू होतं ना."

"परत लाव, परत लाव!"

"सिडनं मला विचारलं होतं," ग्लेनिस एकदम म्हणाली. "हा तुझा कोणी, म्हणून. मी मान हलवली. नाही म्हटलं."

कॉलिनचं हसू विरलं. त्यानं टेप बंद केली.

"पाहिलं मी," रॉय म्हणाला. "बरोबर केलंस."

तिला शिवी हवी होती. आठवडाभर ती तिचीच वाट बघत होती. त्यानं तिला शाबासकी दिली, आणि वर हसला. ग्लेनिस उठली आणि तिनं त्याच्या सुजलेल्या गालावर सगळ्या ताकदीनिशी चपराक लगावली.

"आई गं!" रॉय किंचाळला. शेजारच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला.

"असं!" ती म्हणाली. "असं ओरडायचं होतंस, मेल्या. मी थांबवलं असतं रे त्याला." आणि ती त्याच्या पायाशी फरशीवर बसून मोठ्यानं, गळा काढून रडायला लागली.