घासलेलं नाणं

तिने पाचव्या खणातलं नाणं उचललं आणि दादाच्या नाकासमोर धरलं.

“हे काय करून ठेवलंस? आरसा?”

ट्रेमधली बाकीची नाणी काळपट, तपकिरी होती. हे एकच नव्या भांड्यासारखं लखलखत होतं. तांबं घासायचं नसतं, वर चढलेला काळा थर म्हणजेच नाण्याचं वय, हे बाबांनी दोघांकडून पाढ्यांसारखं घोकून घेतलं होतं.

“मी हातसुद्धा लावलेला नाही,” दादा म्हणाला. “सहा वर्षं त्यांचं औषधपाणी केलं. तू यायचीस पाहुण्यासारखी. आता बरी मुंगी होऊन साखर खायला आलीस!”

“मला मुंगी फक्त बाबा म्हणायचे. तू म्हणू नकोस.”

टेबलापलीकडे बाबांचे मित्र, नाणेपारखी काका, भिंग पुसत बसले होते. पोलंडचा मुलूख तीन शेजारी राज्यांनी वाटून घेतला, त्या काळातली ही नाणी बाबांनी चाळीस वर्षं जमवली होती. जाताना पत्रात दोनच ओळी लिहिल्या होत्या: संच फोडू नये. कुणाकडे राहावा ते पारख्याने ठरवावं.

“तिथे वाटेकरी तीन होते,” काका म्हणाले. “तुम्ही दोघंच, तरी आवाज केवढा.”

“काका, ज्याने हे घासलं त्याच्या हाती संच द्याल?”

“नाही देणार.”

प्रत्येक नाण्याखाली बाबांची चिठ्ठी असे. कुठे मिळालं, कधी मिळालं. काकांनी पाचव्या खणातली चिठ्ठी चिमट्याने काढली, उलगडून वाचली आणि तिच्याकडे सरकवली.

‘मुंगीने घासलं, माझ्या वाढदिवसासाठी. वय सहा. जागा बदलू नये.’

लिंबाचा रस नखाच्या कडेला कसा झोंबला होता, ते तिला आत्ता आठवलं.

दादाने वाकून वाचलं. हसला नाही. ट्रे स्वतःकडे ओढून घेतला.

“ते चकचकीत तेवढं घेऊन जा,” तो म्हणाला. “तसंही त्याला कोण विचारतंय.”

काकांनी भिंग खाली ठेवलं.

तिच्या मुठीत नाणं गरम झालं होतं. तिने चिठ्ठीची घडी होती तशी घातली, पाचव्या खणात ठेवली, वर नाणं ठेवलं. दादाकडे तिने पाहिलं नाही.

“झाकण दाबून लाव,” ती म्हणाली. “सैल आहे.”