अंगठ्याची खूण

पुष्पाबाईंचा स्वभावच असा, की नवऱ्याची बाजू पडती दिसली की त्यांचा हात नाहीतर पाय आपोआप पुढे व्हायचा. जालन्याच्या दवाखान्यात पाय पुढे झाला.

ब्याण्णव साली लोखंडी सळया काढणाऱ्या रोलिंग मिलच्या मालकाने कामगारांचे कान तपासायला काढले. नवऱ्याच्या, म्हणजे कडूबाच्या, कानांना लावलेल्या यंत्रात आधी मोठी घरघर व्हायची. ती थांबली की कधी लगेच, कधी जरा दमाने, एक बारीकशी टिक वाजायची. ऐकू आली की बोट वर करायचं. कडूबाचं बोट मांडीवरून हलेना. नापास झाला तर काम जाणार, हे पुष्पाबाईंना पक्कं ठाऊक होतं. टिक वाजताना कंपाउंडरसमोरचा लाल दिवा लागतो, हे त्यांनी हेरलं. मग दिवा लागला की टेबलाखालून अंगठ्याने नवऱ्याचा पाय दाबायचा, असं सुरू झालं. कडूबा पास झाला. बाहेर आल्यावर तो शपथेवर सांगत होता, की पाय दाबलास तेव्हा टिक खरंच ऐकू येत होती. ते खोटंही नव्हतं. कधी ऐकायचं ते कळलं, की त्याला ऐकू यायचं.

महिनाभराने मिलमध्ये लाल सळई उसळली आणि त्याची पोटरी भाजली. आधीची सळई खडखडत गेल्या गेल्या सोबत्याने शिट्टी मारली होती. बाकीचे हटले, हा उभाच राहिला.

"शिट्टी वाजली आसंल," खाटेवर पडून तो म्हणाला. "माझंच ध्यान नव्हतं. कान तर पास हायेत."

केलं आपण आणि बोल स्वतःला लावतोय हा, असं पुष्पाबाईंच्या मनात आलं. त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

पोटरी जरा बरी झाल्यावर कडूबा स्टोव्हपाशी पाठमोरा बसला होता. त्यांनी भरभरता स्टोव्ह मध्येच विझवला आणि लगेच हळू आवाजात विचारलं, "चहा घेता?" तो हलला नाही. स्टोव्ह पुन्हा पेटवला. या वेळी आधी त्याच्या पावलावर अंगठा दाबला, मग स्टोव्ह विझवला आणि तेवढ्याच आवाजात तेच विचारलं.

"दे की," तो म्हणाला.

पुष्पाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. चहा देता देता त्यांनी सांगितलं, की पहिल्यांदा विचारलेलं त्याला ऐकूच आलं नव्हतं, अंगठा दाबला तेव्हाच आलं; आणि उद्या पुन्हा कान तपासू म्हणाल्या.

"मंग काम जाईल," कडूबा म्हणाला.

"जाऊ द्या. मिलमधी तुमचा पाय दाबायला मी न्हाई. या खेपेला मी भाईरच बसते."