भांगलणीची सून

१९९७ च्या आषाढातला रविवार. गडहिंग्लजकडच्या एका गावात नववीतली शिवलीला घरच्या शेतात भांगलत होती. जोंधळ्यात उडीद होता. ओळींमधून कोळपं फिरलं, तरी बुडाजवळचं तण खुरप्यानंच काढावं लागे. उडदाला धक्का न लावता ते काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

बांधावरून शेजारगावचे मल्लाप्पा पाहत होते. ते तिच्या वडिलांना म्हणाले, "ईरप्पा, गेल्या साली आमी तणनाशक मारलं. जोंधळा ऱ्हायला की, पर उडीद सगळा करपला. तितं माणसाचाच हात लागतोय. पोरगी दे आमच्या घरात."

वैशाखातला मुहूर्त ठरला. शाळेतल्या स्नेहलबाई घरी आल्या.

"अहो, पोरगी चौदाची आहे. कायद्यानं अठरा पुरी लागतात."

"कायदा येणार हाय व्हय भांगलायला?" ईरप्पा हसला. "बाई, च्या घ्या."

बाईंनी तालुक्याला अर्ज दिला. चौकशीला माणूस आला, तेव्हा शिवलीला सासरी गेली होती. तिची आई शांतव्वा लग्न ठरताना "अजून एक वरीस..." एवढंच पुटपुटली होती. तेराव्या वर्षी नांदायला आलेल्या बाईचं त्या घरात कोण ऐकणार?

लग्नानंतरच्या दुसऱ्या आषाढात सातव्या महिन्यातच शिवलीलाला कळा लागल्या, त्याही उकिडव्यानं भांगलताना. मूल तासभरही जगलं नाही. तेराव्या दिवशी सासूनं तिच्या हातात पुन्हा खुरपं दिलं.

शांतव्वा लेकीला न्यायला आली.

"न्या की, न्हाय कोण म्हणतंय?" सासू म्हणाली. "पर भांगलण उरकू दे. तण काय बाळंतिणीसाठी थांबतंय?"

शांतव्वा तडक शेतात गेली. पांढरीफटक पडलेली पोर ओळीत बसली होती. दुधानं चोळी भिजली होती.

"ऊठ. त्या झाडाबुडी जरा पड. तुझी ओळ मी काढतो."

खुरपं घेऊन ती लेकीच्या जागी बसली. डोळ्यांना धार लागली होती, हात चालत होता.

थोड्या वेळानं मागून क्षीण आवाज आला, "अव्वा, त्ये तण न्हवं. उडीद हाय."

शांतव्वानं मूठ उघडली. उपटलेलं रोप परत लागत नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी बोटांनी माती उकरून ती एकेक रोप लावत राहिली.