जंक्शन बोलतेय

“ही नव्हे,” ऑपरेटरबाई म्हणाल्या. कानावरचा हेडफोन अर्धा सरकवून त्यांनी वाटाण्याची पुढची शेंग फोडली. “ही गिरणीत होती. बोलते झकास, पण ही नव्हे.”

“इतक्यात कळलं तुम्हाला?” सुनेनं विचारलं.

“अगं, ते पहिल्या ‘हॅलो’तच कळतं. बाकीचं मी आपली गंमत म्हणून ऐकते.”

टेलिफोन एक्स्चेंज बंद पडून एक पिढी उलटली होती, तरी गल्लीत त्या अजून ऑपरेटरबाईच होत्या. सून शाळेच्या ग्रंथालयात काम करायची. मुलींच्या प्रकल्पासाठी माहिती शोधताना तिला इंटरनेटवर एक खजिना सापडला होता. बायकांनी काय कामं केली, संसार कसे रेटले, पोरं कशी वाढवली, हे सगळं बायकांच्याच तोंडून तिथे साठवलं होतं. फोटो होते, जुने पगाराचे कागद होते, आणि ‘आवाज’ नावाच्या दालनात शेकडो बायका बोलत होत्या. कुणीही आपलं बोलणं पाठवावं आणि कुणीही ऐकावं, अशी सोय होती.

पहिल्यांदा सुनेनं ते दाखवलं तेव्हा ऑपरेटरबाईंनी नाक मुरडलं होतं. “आमचा कसला आलाय इतिहास? इतिहास लढायांचा असतो.”

“तुम्ही काय कमी लढलात?” असं त्यांचे यजमान कोपऱ्यातून म्हणाले. ते घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावलं की त्यांना आपण दिसत नाही असं वाटायचं, आणि मग ते वाट्टेल ते बोलायचे.

पण एकदा ऐकायला बसल्या त्या बसल्याच. सुईण ऐकली, परिचारिका ऐकली, पाच मुलं सांभाळून परीक्षा दिलेली बाई ऐकली. कुणाशी हसल्या, कुणाशी हुज्जत घातली. “छे, छे, रडकं पोर असं कुठे शांत होतं का,” असं त्या पडद्याला सुनवायच्या. आणि मग एका दुपारी वाटाणे तसेच टाकून सुनेला म्हणाल्या, “इथे इतक्या जणी आहेत. धरणही असेल, नाही का गं?”

धरण म्हणजे त्यांची मैत्रीण. त्या काळी एका गावाहून दुसऱ्या गावी फोन लावायचा तर मध्ये दोन बायका लागायच्या, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला. ऑपरेटरबाईंचं गाव रेल्वेचं जंक्शन, म्हणून लाइनवर त्या ‘जंक्शन’. पलीकडे मोठं धरण बांधणं चाललं होतं, तिथली ती ‘धरण’. लाइनवर स्वतःचं नाव घ्यायला सक्त मनाई होती आणि सुपरवायझरबाई पाठीशी खुर्ची टाकून बसलेल्या. गर्दी ओसरली की या दोघी बोलायच्या, पण अशा सुरात की मागच्या बाईला वाटावं, नंबरच सांगताहेत. हसायची तर सोयच नव्हती. हसू आलं की खोकायचं, असं दोघींचं ठरलेलं.

ऑपरेटरबाईंच्या थोरल्याला तान्हा असताना दूध अंगी लागत नसे. रात्रभर रडायचा. त्या सुजलेल्या डोळ्यांनी फोन जोडायच्या बोर्डावर येऊन बसल्या, तेव्हा पलीकडून सपाट, कोरडा आवाज आला: “पाजून झालं की उभा धर. खांद्यावर घे. पाठीवरून हात फिरव. ढेकर येईपर्यंत खाली ठेवू नकोस. पुन्हा सांगू?” जणू कुणा व्यापाऱ्याचा नंबरच वाचून दाखवत होती. थोरला त्याच आठवड्यात अंग धरू लागला. पुढे धरणला जुळ्या मुली झाल्या, सासूचा दमा बळावला, नवऱ्याची बदली होता होता टळली, हे सगळं जंक्शनला त्याच तारेवरून कळलं. दोघींनी एकमेकींची पोरं वाढवली आणि एकमेकींचं तोंडही पाहिलं नाही.

मग आपोआप फोन जोडणारी यंत्रं आली. शेवटच्या दिवशी नाव-पत्ता सांगायचा, मग सुपरवायझरबाई काय वाट्टेल ते करोत, असं दोघींनी ठरवलं. पण धरणची लाइन एक दिवस आधीच नव्या यंत्रावर गेली. ऑपरेटरबाई कामावर आल्या तर बोर्डावरचा धरणचा दिवा लागेचना. पुढे यजमानांना घेऊन त्या तिकडे जाऊनही आल्या. बांधकाम संपलं होतं, वसाहत रिकामी झाली होती, आणि एक्स्चेंजच्या खोलीत सिमेंटची पोती रचलेली होती. तिचे आभार मानायचे राहून गेले, ही सल त्यांना कायमची लागली.

“मी चाळीस-पन्नास वर्षं कानाशी बोलतोय,” यजमान म्हणाले. “माझा आवाज कधी असा शोधला नाहीस.”

“तुमचा हरवू द्या, मग शोधते.”

सगळं दालन ऐकून झालं, तरी धरण सापडली नाही. तेव्हा सुनेनं डोकं चालवलं. “आई, तुम्हीच बोला की. त्या ऐकतील आणि ओळखतील. फक्त घाबरू नका. घरी बोलता तसं मोकळं बोला.”

ऑपरेटरबाई बोलल्या, आणि त्या बोलायला लागल्या की घरातल्या भांड्यांनाही कंठ फुटतो. बोर्ड, तारा, सुपरवायझरबाईंच्या वहाणांचा आवाज, सगळं त्यांनी हसत, टाळ्या देत सांगितलं; जंक्शन-धरणची गोष्ट मात्र गुपितच ठेवली, आवाजावरून ती ओळखेलच म्हणून. खाली अभिप्रायांची रांग लागली. कुणा प्राध्यापकाने वाहवा केली, कुणाला आपली आजी आठवली. ऑपरेटरबाई रोज सकाळी चहाआधी ते वाचून घ्यायच्या. धरण मात्र त्यात नव्हती.

दिवस गेले तसा त्यांचा उत्साह ओसरला. हेडफोन खुंटीला गेला. “सत्तरी ओलांडली आता आमची,” एकदा त्या भाजी चिरता चिरता म्हणाल्या. “असेलच असं कुठे आहे.” यजमानांनी भिंग काढून खाली ठेवलं.

त्याच दुपारी सुनेचा फोन वाजला. तिचे हात कणकेत होते, म्हणून तो ऑपरेटरबाईंनी उचलला. कुणीतरी कर्ज विकत होतं.

“आपण चुकीच्या नंबरवर आहात. लाइन सोडा,” ऑपरेटरबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सून कणकेचे हात तसेच धरून त्यांच्याकडे बघत राहिली. “आई, हे कोण बोललं?”

“कोण म्हणजे? मी.”

“हा तुमचा आवाज नाही. मी या घरात आल्यापासून एकदाही ऐकला नाही.”

“हा बोर्डावरचा आवाज. तो काय घरात काढतात? परक्याचा फोन कानाला लागला की आपोआप—” ऑपरेटरबाई मध्येच थांबल्या. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “अगं बाई. तिनं माझा घरातला आवाज ऐकलाय कधी? इतकं दणादण हसणारी बाई जंक्शन आहे हे तिला कसं कळावं?”

सुनेनं हातसुद्धा धुतले नाहीत. कोपरानं दाबून तिनं ध्वनिमुद्रण सुरू केलं. ऑपरेटरबाई ताठ बसल्या, पदर सावरला, आणि सपाट, कोरड्या सुरात म्हणाल्या, “हॅलो धरण. जंक्शन बोलतेय. तुझी लाइन मोकळी आहे. बोल.” एवढंच. मग एकदा खोकल्या.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, तेही आवाजात. “जंक्शन, धरण. किती उशीर लाइन द्यायला. तुझी तक्रार करायला हवी.” आणि खोकला. तो लांबत गेला, आणि त्यात हसू किती नि रडू किती हे कुणालाच सांगता आलं नसतं. ऑपरेटरबाईंनी ते पुन्हा पुन्हा ऐकलं आणि शेवटी पदर डोळ्यांना लावून मनसोक्त रडल्या. यजमानही भिंगाआड काहीतरी पुसत होते.

गंमत पुढेच होती. धरणनं पहिलं बोलणंही ऐकलं होतं आणि खाली अभिप्रायही लिहिला होता: ‘छान माहिती दिलीत, ताई. मीही हेच काम करत असे.’ ऑपरेटरबाईंनी तो वाचून खाली ‘आभारी आहे’ असं सुनेकडून लिहूनही घेतलं होतं. एवढी वर्षं हुकलेले आभार त्यांनी मैत्रिणीचे मानले ते असे, परकी समजून.

रविवारी सकाळी तोंड बघण्याचा बेत ठरला. सुनेनं टॅब्लेट टेबलावर उशीला टेकवून उभा केला. मुलगा, नातवंडं, यजमान, सगळे खुर्च्या ओढून बसले. पडद्यावर एक गोरी, भरल्या अंगाची, केस बारीक कापलेली बाई आली. तिच्यामागे तिचंही सगळं गणगोत गोळा झालेलं. ऑपरेटरबाईंच्या मनातली धरण काटकुळी, सावळी आणि लांब वेणीची होती.

“नमस्कार,” पडद्यावरची बाई म्हणाली.

“नमस्कार. तब्येत बरी आहे ना आपली?”

“बरी आहे. आपली?”

“चाललंय.”

मग मुलगी बघायला आल्यासारखी दोन्ही घरं एकमेकांकडे बघून उगाच हसत राहिली. सुनेचा चेहरा उतरला. एवढा खटाटोप करून या दोघी ‘आपली तब्येत’ करत बसल्या होत्या.

ऑपरेटरबाईंनी त्या अनोळखी बाईकडे नीट पाहिलं. भली होती, हसरी होती, पण तिला त्यांच्या थोरल्याबद्दल काय ठाऊक असणार? त्यांनी हात पुढे केला आणि टॅब्लेट उचलून टेबलावर पालथा घातला.

“आई, अहो, त्या दिसणार नाहीत,” म्हणत सून पुढे झाली. यजमानांनी तिचा हात धरला.

“धरण,” ऑपरेटरबाई म्हणाल्या.

“थांब, मीही इकडे पालथा घालते,” पलीकडून आवाज आला. मग ठक् असं वाजलं. “हं. आता बोल. थोरला कसा आहे?”

“इथेच बसलाय. केस पांढरे झालेत त्याचे.”

“आणि तू?”

ऑपरेटरबाईंनी खुर्ची पुढे ओढली, डोळे मिटले आणि टेबलावर कान टेकवला.